टीव्हीत निर्माता किंवा वाहिनीत अधिकारी व्हायचंय? कोकणातून मला विचारले जाणारे प्रश्न

सव्वीस वर्षं मी मराठी टीव्हीत काम केलं. आधी प्रॉडक्शन असिस्टंट, मग कार्यकारी निर्माती, मग सात वर्षं एका वाहिनीच्या ऑफिसात मालिका विभाग, आणि शेवटी स्वतःची लहानशी निर्मिती संस्था. आता वर्षातला बराच काळ मालवण तालुक्यातल्या माझ्या गावी असते. गणपतीत, जत्रेत, तिठ्यावरच्या हॉटेलात चहा घेताना मुलं आणि त्यांचे आईबाप जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा माणूस, बरोबर ना?

सिनेमात बऱ्याच अंशी हो. रोजच्या मालिकेत गणित वेगळं असतं. मालिका वाहिनी 'कमिशन' करते, म्हणजे दर एपिसोडला अमुक रक्कम ठरते आणि त्या रकमेत मालिका बनवून देणं ही निर्मात्याची जबाबदारी. हक्क बहुधा वाहिनीकडेच राहतात. मालिका कितीही गाजली तरी ती निर्मात्याच्या मालकीची नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

खुर्च्या तीन आहेत, त्यांची गल्लत करू नका. निर्माता करार करतो, पैसे उभे करतो, माणसं जमवतो. कार्यकारी निर्माता, ज्याला सगळे 'ईपी' म्हणतात, तो रोजचा गाडा हाकतो. आणि वाहिनीतला अधिकारी कुठली गोष्ट कुठल्या वेळेला दाखवायची, किती दिवस चालवायची हे ठरवतो. माणसं या खुर्च्या बदलत असतात. नितीन वैद्य पत्रकारितेतून वाहिनीत गेले आणि नंतर निर्मितीत आले. महेश कोठारे सिनेमातून मालिकांच्या निर्मितीकडे वळले. श्वेता शिंदे अभिनेत्री होत्या, आता निर्मात्या आहेत. ठरावीक रस्ता असा नाहीच.

ईपी दिवसभर करतो तरी काय?

आमच्या घरी मिरगाआधी आगोट भरली जायची. सुकी मासळी, मीठ, तांदूळ, आमसुलं, सांडगे आणि पडवीत रचलेली सुकी लाकडं. पाऊस लागला की चार महिने बाहेर काही मिळायचं नाही, म्हणून आई मे महिन्यातच रोजच्या स्वयंपाकाबरोबर पुढच्या चार महिन्यांचाही विचार करत असायची. ईपीचं काम मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं ते यामुळे.

आमच्या आगोटीला 'बँक' म्हणतात. बँक म्हणजे शूट होऊन, एडिट होऊन, वाहिनीला द्यायला तयार असलेले एपिसोड. मालिका आठवड्यातून सहा दिवस असेल तर महिन्याला साधारण सव्वीस एपिसोड लागतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की गोष्टीला बावीस मिनिटांच्या आसपास उरतात. तेवढी मिनिटं रोज शूट झाली पाहिजेत, आणि एखाद्या दिवशी थोडी जास्त, म्हणजे बँक वाढेल. मुख्य नटाला ताप आला, लेखकाकडून सीन उशिरा आले, सेटवर पाणी शिरलं, तर त्या दिवशी बँक खाल्ली जाते. सकाळी ईपी एकमेकांना फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो 'बँक किती आहे?'

बाकीचं काम त्या भोवती फिरतं. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं शेड्यूल लावायचं. कुठल्या कलाकाराची नाटकाची दौऱ्याची तारीख आहे ते बघून त्याचे सीन आधी घ्यायचे. एका खोलीतले सगळे सीन एकत्र करायचे, कारण लाइट पुन्हा लावायला वेळ जातो. मंगळसूत्र कालच्या सीनमध्ये साडीच्या आत होतं की बाहेर, हे बघणारा माणूस सेटवर आहे ना, याची खात्री करायची. जेवण वेळेत आलं का ते विचारायचं. हे शेवटचं लहान समजू नका. उपाशी युनिटकडून चांगलं काम होत नाही.

एकदा आमची बँक शून्यावर आली होती. नायिकेचे वडील अचानक गेले आणि ती तासाभरात सेटवरून निघाली. तिला थांबवायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. रात्री अकरा वाजता लेखकाला उठवलं. घरातल्या दोन म्हाताऱ्या बहिणी, एकच खोली, दिवे गेलेत, आणि त्या जुन्या गोष्टी बोलताहेत, एवढ्यावर त्याने पहाटे तीनपर्यंत एपिसोड लिहिला. पाचला कॉल टाइम दिला. दोन्ही ज्येष्ठ अभिनेत्री आधी आल्या, पाठांतर करूनच. दुपारी एडिट, संध्याकाळी संगीत, आणि आठच्या प्रक्षेपणासाठी सव्वासातला एपिसोड वाहिनीत पोचला. पुढे कित्येक वर्षं लोक त्या दोन बहिणींबद्दल माझ्याशी बोलत राहिले.

आणि वाहिनीतल्या अधिकाऱ्याचं काम?

खुर्ची एसीत असते, पण झोप कमी. प्रत्येक स्लॉटसाठी मालिका निवडायची, निर्मात्यांकडून येणाऱ्या कल्पना ऐकायच्या, पायलट म्हणजे नमुन्याचे एपिसोड बघायचे, लिहिलेले एपिसोड वाचून शेरे द्यायचे, प्रोमो कसा असेल ते ठरवायचं. प्रेक्षक किती हे मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, आणि त्या सकाळी वाहिनीच्या ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नाही.

सगळ्यात जड काम म्हणजे मालिका बंद करण्याचा निर्णय कळवणं. सेटवर लाइटमन, मेकअप, कपडेपट, स्पॉट अशी शंभराच्या आसपास माणसं असतात, त्यांचा महिना तुमच्या एका फोनवर अवलंबून. असा निर्णय मी सहा वेळा कळवला. सहाही वेळा आधी स्वतः सेटवर गेले, मग ऑफिसातून कागद पाठवला. तुम्ही कधी त्या खुर्चीत बसलात तर एवढं नक्की करा.

टीआरपी खरंच खरी असते का? आमच्या घरी तर कुणी विचारायला आलं नाही.

येणारही नाही. देशभरातल्या निवडक घरांत, काही दहा हजारांत, मीटर बसवलेले असतात आणि कुठली घरं ती हे गुप्त ठेवतात. त्यांवरून सगळ्यांचा अंदाज काढतात. पूर्वी 'टॅम'चे आकडे यायचे, २०१५ पासून 'बार्क'चे. त्याच वर्षी ग्रामीण भागाचे आकडेही येऊ लागले आणि मराठी वाहिन्यांना आपला प्रेक्षक फक्त दादर-डोंबिवली-पुण्यात नाही हे कागदावर दिसलं. गावात घडणाऱ्या मालिका वाढल्या, त्याचं हे एक मोठं कारण आहे असं मी त्या टेबलावर बसून पाहिलंय.

पद्धत निर्दोष नाही. २०२० च्या ऑक्टोबरात गैरप्रकाराच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले गेले, ते २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले. तरी जाहिरातीचा भाव याच आकड्यावर ठरतो, म्हणून तो वाचायला शिकावंच लागतं. एका आठवड्याचा आकडा बघून गोष्ट फिरवणारे अधिकारी मला कधी आवडले नाहीत. चार आठवड्यांची रेघ बघावी.

पूर्वी टीव्हीत निर्माते कसे होत?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे 'निर्माता' हे सरकारी नोकरीतलं पद होतं. एकच माणूस लेखक शोधायचा, तालमी घ्यायचा, स्टुडिओत बसून कॅमेरे बदलायचा. विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे ही नावं त्या काळातली. माझ्या पिढीतल्या कित्येकांचे शिक्षक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९८४ नंतर प्रायोजित मालिकांचा काळ आला आणि बाहेरचे निर्माते आले. ते दूरदर्शनला वेळेचं शुल्क भरायचे, बदल्यात मिळालेली जाहिरातीची सेकंदं विकायचे. धंद्याचा धोका पूर्ण त्यांचा, पण मालिका त्यांचीच राहायची.

मग १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, जी पुढे २००५ मध्ये झी मराठी झाली. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, तिचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. २००८ मध्ये स्टार प्रवाह, २०१८ मध्ये सोनी मराठी. वाहिन्या वाढल्या तशा रोजच्या मालिका वाढल्या, आणि ईपी नावाच्या माणसाची खरी गरज तेव्हा निर्माण झाली. मी त्या लाटेतली.

माझो झील बारावी झालो. तेका टीव्हीतच जावचा आसा. खयचा शिक्षण घेवचा?

आधी पदवी घेऊ द्या, कुठलीही. वाणिज्य शाखा असेल तर मला आनंदच होईल, कारण ईपीचं अर्धं काम हिशेबाचं आहे. मुंबई विद्यापीठात मास मीडियाची पदवी आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकवतात. पुण्यातच एफटीआयआय या चित्रपट-टीव्ही शिकवणाऱ्या संस्थेत टीव्ही विभाग आहे, तिथे दिग्दर्शन, संकलन, ध्वनी यांचे अभ्यासक्रम आहेत आणि प्रवेश परीक्षा कठीण आहे. नाटकाकडे ओढा असेल तर मुंबई विद्यापीठाची अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स किंवा पुण्याचं ललित कला केंद्र.

पण आधी घराजवळ बघा. विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धा या दोन ठिकाणी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं दरवर्षी जीव तोडून काम करतात. त्यात नट सगळ्यांनाच व्हायचं असतं. जो मुलगा टेम्पो ठरवतो, नाटकात लागणाऱ्या सामानाची यादी करतो, वेळेत पडदा उघडेल हे बघतो, तो माझ्या कामाचा.

मुंबयत माझ्या वळखीचा कोण नाय. आत शिरूचा कसा?

माझीही ओळख नव्हती. लालबागच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीवर राहिले, जसे आपल्याकडचे चाकरमानी पिढ्यान् पिढ्या राहत आले. मालिका संपल्यावर नावांची पट्टी जाते, ती थांबवून निर्मिती संस्थेचं नाव वाचा आणि ऑफिसात जा. अभिनेत्यांना फोटो घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. प्रॉडक्शनमध्ये काम करायला तयार असलेल्या, वेळेवर येणाऱ्या माणसाची कमतरता कायम असते. पहिलं काम फार लहान असेल: सीनचे कागद वाटणं, कलाकारांना बोलावून आणणं, व्हाउचर लिहिणं. ते सहा महिने नीट करा. ठाण्यात घोडबंदर रोडला, मीरा रोडला, गोरेगावच्या चित्रनगरीत सेट असतात, राहायची जागा त्या हिशेबाने बघा, नाहीतर आयुष्य लोकलमध्ये जाईल.

पैसे वेळेवर मिळतात का?

पगारी नोकरी असेल तर बहुधा मिळतात. रोजंदारी किंवा एपिसोडवर असाल तर या धंद्यात नव्वद दिवसांची रीत आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरात, गणपतीच्या आगेमागे. म्हणून मुंबईला जाताना चार महिन्यांचा खर्च हातात ठेवून जा. हे मी आईबापांना नेहमी स्पष्ट सांगते.

निर्माता झाल्यावर हेच गणित उलटं अंगावर येतं. वाहिनीचे पैसे येईपर्यंत तीन महिने, म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी एपिसोडचा खर्च तुम्हाला उभा करावा लागतो. पहिल्या मालिकेच्या वेळी मी घर गहाण ठेवलं होतं. एका वाहिनीने तेव्हा माझे पैसे सात महिने अडवले आणि माझ्या युनिटमधल्या एका लाइटमनच्या मुलीची कॉलेजची फी त्यामुळे थकली. ते मी विसरलेले नाही. त्यानंतर रोजंदारीवरच्या माणसांचे पैसे कधी नव्वद दिवस थांबवले नाहीत, कर्ज काढून आधी दिले.

मुलीला पाठवावं का?

पाठवा. मी गेले तेव्हा प्रॉडक्शनमध्ये बायका मोजक्या होत्या, आज लेखन, क्रिएटिव्ह, ईपी सगळीकडे आहेत. मात्र तिला दोन गोष्टी सांगून पाठवा. शिफ्ट बारा तासांची असते आणि लांबते, त्यामुळे रात्री घरी सोडायची गाडी कोण देणार हे कामाला होकार देण्याआधी विचारायचं. आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. समितीत कोण आहे हे पहिल्या आठवड्यात विचारायचं, लाजायचं नाही.

एवढा सुंदर कोकण, मग मालिका इथे का होत नाहीत?

होतात, पण कमी. कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावात २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली आणि रोजची मालिका सिंधुदुर्गातल्या वाड्यात राहून करता येते हे सिद्ध झालं. पुढे तिचे आणखी दोन भाग आले आणि तो वाडा बघायला लोक गाड्या करून येऊ लागले.

अडचणी खऱ्या आहेत. मुंबईतला कलाकार सकाळी मालिका आणि रात्री नाटक करतो, तो आकेरीत राहिला तर नाटक सुटतं. युनिटच्या साठ-सत्तर माणसांची राहायची सोय लागते. जून ते सप्टेंबर बाहेरचं शूट जवळजवळ अशक्य. होडीचा सीन असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. आणि कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज इतका असतो की संवाद पुन्हा डब करावे लागतात.

किनाऱ्यावर शूट लावणाऱ्याने भरती-ओहोटी बघितलीच पाहिजे. आपल्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे सूर्यास्ताचा सीन रुंद, ओल्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, हवा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची तारीख धरा, अष्टमीला त्या वेळी भरती असते. मुंबईहून आलेल्या एका युनिटने आमच्या गावात मांडव पुळणीवर घातला होता आणि दुपारी तो पाण्यात गेला. गावातल्या कुठल्याही रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला, विचारलं असतं तर त्याने आदल्या दिवशी सांगितलं असतं.

परवानग्यांचंही तसंच. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे त्यांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. जेटीवर महाराष्ट्र सागरी मंडळ. गावात ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, आणि देवळाच्या आवारात असाल तर मानकरी. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून काम सुरू करा. गाव तुम्हाला आपलं मानतं, मग जनरेटर बंद पडला तरी कुणीतरी रात्री दोनला वायरमन शोधून आणतं.

मालिकांत मालवणी चुकीची का बोलतात?

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण जिथे संवाद ठरतात त्या खोलीत मी बसलेली आहे. खोलीत दहा माणसं असतात, त्यातल्या एकालाही मालवणी येत नाही. कुणीतरी म्हणतं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'गो' आणि 'रे' टाका, प्रेक्षकाला कळेल. मग पडद्यावरचा कोकणी माणूस भांडखोर, अंधश्रद्ध किंवा विनोदी एवढाच उरतो. संगमेश्वरी वेगळी, मालवणी वेगळी, रायगडातली आगरी वेगळी, आणि रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांतली बोली आणखी वेगळी, हे त्या खोलीला माहीतच नसतं. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी नाटक मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर नेऊन उभं केलं त्याला चार दशकं झाली. नाटकवाल्यांनी केलं ते टीव्हीला का जमू नये?

कोकणातून लोकेशन दाखवणारी, गाड्या देणारी, गर्दीत उभी राहणारी माणसं टीव्हीला भरपूर मिळतात. संवाद वाचून 'आमची आजी असं बोलत नाही' म्हणणारा आणि ज्याच्या म्हणण्यावर पान बदलतं असा माणूस मिळत नाही. तो ईपीच्या किंवा वाहिनीतल्या खुर्चीतच असावा लागतो. इथली मुलं त्या खुर्चीत बसावीत, एवढ्यासाठी मी ही सगळी उत्तरं लिहिते आहे. मी त्या खुर्चीत होते त्या सात वर्षांत तीन वेळा पान बदलून घेऊ शकले. आणखी व्हायला हवं होतं.

माझी गोष्ट कुणी चोरली तर?

वाहिनीला देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. मराठी लेखकांची 'मानाचि' संघटना आहे, तिथेही सल्ला मिळतो. दोन ओळींच्या कल्पनेला संरक्षण नसतं, लिहून काढलेल्या मजकुराला असतं. म्हणून नुसतं बोलून येऊ नका, सात-आठ पानं लिहा, आणि ज्याला पाठवाल त्याला ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते.

आता सगळं मोबाइलवर. टीव्हीत करिअर उरलंय का?

वेळेत, ठरलेल्या पैशांत, चांगली गोष्ट तयार करून देणारा माणूस मोबाइललाही लागतो. वेब मालिकेत बँकेची धावपळ नसते, पण शेड्यूल आणि हिशेब तोच. रोजच्या मालिकेत तयार झालेला ईपी कुठेही उभा राहतो.

मुंबईला जायला अजून वर्ष आहे. तोवर इथे काय करू?

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ओळखीच्या दशावतार कंपनीच्या मालकाला विचारा आणि आठ रात्री त्यांच्याबरोबर फिरा. लिहिलेली संहिता नाही, नाटक कुठलं हे संध्याकाळी ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते तिथेच ठरतं, आणि तरी रात्रभर गोष्ट कुठे अडत नाही. मालकाच्या शेजारी बसा. वही ठेवा. कोणाला किती मानधन, गाडीचं भाडं किती, एक नट आला नाही तर त्याची जागा कोणी घेतली, पेटारा कोण भरतं आणि कुठल्या क्रमाने, हे लिहून काढा. ती वही घेऊन मुंबईला या. मुलाखतीला येणाऱ्या कोकणातल्या मुलांकडे मी आजही प्रमाणपत्राआधी तीच मागते.